गांजाची केस, दहा वर्षं शिक्षा आणि हायकोर्टातलं अपील : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात एनडीपीएसची, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याची पत्रं एवढी आली की भाडेकरू, सातबारा, पोटगी वगैरे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय. पत्रं छोटी केलीत, नावं काढलीत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ दुसऱ्याच्या टेम्पोवर पगारी ड्रायव्हर होता. २०२१ मधे हायवेला पोलिसांनी टेम्पो अडवला आणि कांद्याच्या गोण्यांखाली दोन पोती गांजा निघाला. तेव्हापासून तो आतच आहे, जामीन झालाच नाही. आता कोर्टानं १० वर्षं सक्तमजुरी आणि १ लाख दंड लावला. निकाल लागून अडीच महिने झाले, पैसे नव्हते म्हणून आम्ही काही केलं नाही. गावात एक जण म्हणतो मुदत गेली आता काही होत नाही, दुसरा म्हणतो कलम ५० पाळलं नसेल तर सुटतोच. आम्हाला एवढंच पाहिजे की शिक्षा कमी व्हावी, निदान ५ वर्षं तरी. पंचनाम्याची झेरॉक्स जोडलीये. — एक ताई, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आधी मुदतीचं बोलू, कारण त्याचीच धास्ती जास्त दिसतेय. सेशन्सच्या स्पेशल कोर्टानं दिलेल्या शिक्षेवर हायकोर्टात अपील करायला ६० दिवस असतात. त्यातून निकालाच्या सर्टिफाईड कॉपीसाठी अर्ज टाकल्यापासून कॉपी तयार होईपर्यंतचे दिवस वजा होतात. म्हणजे तुमचे पंधरावीस दिवस जास्त झाले असतील किंवा झालेही नसतील, आणि झाले असतील तरी विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा, माणूस जेलमधे आहे, घरची परिस्थिती अशी आहे, एवढं कारण लिहायचं. जेलमधल्या माणसाचं पहिलं अपील एवढ्या उशिरासाठी कोर्ट सहसा फेकून देत नाही. मात्र अजून थांबू नका. भावाला निकालाची एक प्रत फुकट मिळायलाच पाहिजे, ती त्याच्याकडं जेलमधे असेल, भेटीला जाल तेव्हा विचारा.

पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. जेलमधल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता सरकारी खर्चानं वकील मिळतो, तसं विधी सेवा कायद्यातच आहे. भावानं जेलच्या अधीक्षकांकडं अर्ज दिला तरी अपील तिथूनच हायकोर्टात जातं, त्यालाच जेल अपील म्हणतात. तुम्ही जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात जाऊ शकता नाहीतर १५१०० ला फोन करा. आणि एक चांगलं झालंय, ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू आहे आणि सोलापूर त्याच्यातच येतं, त्यामुळं प्रत्येक तारखेला मुंबई गाठायची गरज राहिलेली नाही.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही लिहिलंय शिक्षा ५ वर्षं तरी करा. ते होणार नाही, आणि हे कुणी तुम्हाला स्पष्ट सांगितलेलं दिसत नाही. गांजा २० किलोच्या वर गेला की ती कमर्शियल क्वांटिटी, आणि तिथं कायद्यानंच कमीत कमी १० वर्षं आणि १ लाख दंड ठरवलाय, वर २० वर्षांपर्यंत. जजला कितीही दया आली, घरी म्हातारी आई आहे, पहिलाच गुन्हा आहे, काहीही सांगितलं तरी १० च्या खाली एक दिवस येता येत नाही. भावाला आधीच किमान शिक्षा लागलीये. म्हणून 'शिक्षा कमी करा' एवढंच लिहिलेलं अपील म्हणजे फुकट गेलेला कागद.

पण २० किलोच्या आत आला की सगळंच बदलतं. १ किलोच्या वर आणि २० किलोपर्यंत मधली क्वांटिटी, तिथं १० वर्षं ही जास्तीत जास्त शिक्षा, कमीत कमी काहीच नाही, कोर्ट ३ देऊ शकतं ५ देऊ शकतं, भोगली तेवढी पुरे असंही म्हणू शकतं. आणि कायद्यात शब्द २० किलोपेक्षा 'जास्त' असा आहे, बरोबर २० किलो भरला तरी तो कमर्शियल होत नाही.

म्हणून तुमचा पंचनामा मी वजनासाठी वाचला. त्यात लिहिलंय, दोन ज्यूटची पोती, आत प्लास्टिकचा कागद, पोत्यासह एकूण वजन २१ किलो १५० ग्रॅम. पोत्यासह! रिकामी पोती वेगळी मोजल्याचं कुठंच नाही. कांद्याच्या गावची माणसं तुम्ही, ज्यूटचं रिकामं पोतं अर्धा किलोच्या वर भरतं हे तुम्हाला मी कशाला सांगू, दोन पोती आणि कागद धरला तर सव्वा किलोच्या आसपास जातं आणि मग खाली उरतं ते २० च्या अलीकडं पलीकडं. हे खालच्या कोर्टात कुणी विचारलं का? तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीत पोत्याच्या वजनावर एक तरी प्रश्न आहे का ते वकिलाला बघायला सांगा. नसला तरी वजन सिद्ध करायचं काम सरकारचंच आहे, मुद्दा हायकोर्टात घेता येतो, विचारलेला असता तर जोर जास्त आला असता एवढंच.

त्याच पंचनाम्यात मालाचं वर्णन आहे, 'हिरवट पाने, फुले, बिया व काड्या मिश्रित'. कायद्यातली गांजाची व्याख्या बघा, झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळाचे शेंडे, आणि पानं बिया शेंड्यासोबत नसतील तर त्या गांजात धरायच्या नाहीत. आता पोत्यात शेंडे किती आणि सुटी पानं काड्या किती हे वेगळं न करता सगळं तराजूवर टाकलं, तर २० किलोच्या वर शुद्ध गांजाच होता कशावरून, हा युक्तिवाद कोर्टात चालतो. सगळीच कोर्टं मान्य करतात असं नाही, काही म्हणतात शेंड्यासोबत आलं की सगळंच गांजा. पण वजन २१ असताना हा मुद्दा जिवंत आहे, ६० किलो असतं तर मी त्यावर वेळ घालवला नसता.

तिसरं वजन मॅजिस्ट्रेटचं. कलम ५२अ प्रमाणं जप्त मालाची यादी, फोटो, नमुने हे मॅजिस्ट्रेटसमोर व्हायला पाहिजेत, सुप्रीम कोर्टानं २०१६ मधे मोहनलाल प्रकरणात ते ठासून सांगितलं. तुमच्या पंचनाम्यात नमुने हायवेलाच काढलेत. यावरून लगेच सुटका असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, २०२५ मधे सुप्रीम कोर्टानंच भारत अंबाळे प्रकरणात म्हटलंय की ५२अ मधली चूक एकटीनं केस पाडत नाही, बाकी पुरावा पक्का असेल तर शिक्षा टिकते. पण तीन ठिकाणचे आकडे शेजारी मांडा, पंचनाम्याचं वजन, मुद्देमाल रजिस्टरचं वजन, मॅजिस्ट्रेटच्या सर्टिफिकेटचं वजन. फरक निघाला तर सरकारी वकिलाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. सील कोणाचं होतं, नमुना पोलीस ठाण्यातून लॅबला कधी गेला, मधले दिवस कुठं होता, हेही तिथंच सापडेल.

कलम ५० चं गावातल्या माणसानं सांगितलेलं विसरा. ते अंगझडतीसाठी आहे, माणसाच्या अंगावर, खिशात. माल टेम्पोत सापडला, ५० चा संबंध नाही. तुमच्या कामाचं आहे ते कलम ४२. पोलिसांना आधी खबर होती असं पंचनाम्यात पहिल्याच ओळीत आहे. मग ती खबर लिहून घेतली का, तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठाला गेली का? सरकार म्हणणार की हायवे सार्वजनिक जागा आहे, तिथं ४३ लागतं, ४२ नाही. त्यावर २०२१ चा बूटा सिंग निकाल आहे, रस्त्यावर उभी असली तरी खासगी गाडी म्हणजे सार्वजनिक जागा नव्हे असं सुप्रीम कोर्टानं म्हटलं आणि आरोपी सोडले. टेम्पो भाड्यानं माल वाहणारा असल्यामुळं यावर भांडण होणार हे धरून चला.

अजून एक, भावाला माल आहे हे माहीत होतं का? या कायद्यात कोर्ट सुरुवातीला माहीत होतं असंच धरून चालतं आणि उलट दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. गोण्या कुणी भरल्या, कुठून भरल्या, बिल्टी कुणाच्या नावाची, मालकाचा फोन आला होता का, हे सगळं त्यानं कलम ३१३ च्या, म्हणजे जजसमोरच्या जबाबात सांगितलं होतं की नुसतं 'खोटं आहे, मला माहीत नाही' म्हणून मोकळा झाला? बहुतेक जण तसंच म्हणून मोकळे होतात, त्यांना कुणी समजावतच नाही की तोच एक जबाब आहे जिथं जज थेट त्यांना विचारतो. टेम्पो मालकाचं नाव चार्जशीटमधे नाही हे वाचून मलाही राग आला, पण मालक सुटला म्हणून ड्रायव्हर निर्दोष असं कोर्टात होत नाही.

शेवटचं, अपील दाखल झालं म्हणजे भाऊ बाहेर येत नाही. अपील ऐकायला हायकोर्टात वर्षं जातात. म्हणून अपिलासोबतच शिक्षा स्थगित करून जामिनाचा अर्ज द्यायचा, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३८९, आता बीएनएसएसचं, म्हणजे नव्या संहितेचं ४३०. कमर्शियल असेल तर तिथंही कलम ३७ आडवं येतं, म्हणजे हा दोषी नाही असं मानायला सबळ कारण दिसतंय आणि बाहेर येऊन परत तसं करणार नाही, असं दोन्ही कोर्टाला वाटलं पाहिजे. इथंच पोत्याचं वजन उपयोगाला येतं, कारण मधली क्वांटिटी वाटली तर ३७ ची ती अट सुटते. शिवाय २०२१ पासून आत आहे, बरीच शिक्षा भोगून झालीये आणि अपील लवकर ऐकलं जाणार नाही, हेही कोर्ट बघतं. खटल्याच्या काळातली कोठडी शिक्षेतून वजा होतेच, ती निकालात शेवटच्या पानावर लिहिलीये का ते तपासा.

प्रश्न : माझे मिस्टर आणि त्यांचा मित्र बाईकवर असताना रात्री पोलिसांनी पकडलं. मिस्टरांच्या पँटच्या खिशात ६२ ग्रॅम एमडी (मेफेड्रोन, नशेची पावडर) सापडली असं केस म्हणते. १० वर्षं लागली. एक ओळखीचे गृहस्थ म्हणतात ६ लाख द्या, हायकोर्टात काम शंभर टक्के होतं, सेटिंग आहे. दुसरे वकील म्हणाले पावडर शुद्ध नव्हती, प्युरिटीवर लढू. काय करू? — ठाणे

उत्तर : ६ लाखवाल्याला दारातूनच परत पाठवा. वकिलाची फी ही फी असते, शंभर टक्क्याची हमी देणारा माणूस तुमच्या भीतीचे पैसे घेतोय, नंतर तो फोनसुद्धा उचलणार नाही.

प्युरिटीचा मुद्दा २०२० पर्यंत चालायचा. त्या वर्षी हिरा सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं ठरवलं की भेसळीसकट पूर्ण पावडरचं वजन धरायचं. एमडीची कमर्शियल मर्यादा ५० ग्रॅम आहे, ६२ ग्रॅम म्हणजे वर गेलीच, फक्त ते ६२ पाऊचसकट होते की पाऊच सोडून ते बघून घ्या.

तुमच्या केसचा जीव दुसरीकडंच आहे. खिशातून सापडली म्हणजे ही अंगझडती, म्हणजे वरच्या ताईंना जे कलम ५० लागू नव्हतं ते तुम्हाला पूर्ण लागू. झडतीआधी त्यांना सांगायला पाहिजे होतं की राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती घ्या असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नुसतं 'झडती द्यायला हरकत आहे का' असं विचारणं पुरत नाही, २०१० मधे जाडेजा प्रकरणात घटनापीठानं हे तंतोतंत पाळलं पाहिजे असं म्हटलंय. तुम्ही पाठवलेल्या नोटिशीचा फोटो मी मोठा करून पाहिला. एकच कागद, वर दोघांची नावं, खाली एकाच ओळीत 'आम्हास समजले, आम्हास अधिकाऱ्याची गरज नाही' आणि दोन सह्या, त्यातली मित्राची सही आधी. आता २०१४ चा परमानंद निकाल वकिलाला दाखवा, त्यात दोन आरोपींना एकत्र विचारलं होतं आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की हा हक्क प्रत्येकाला वेगळा सांगायचा, एकाच्या होकारात दुसऱ्याचा धरायचा नाही. शिवाय त्या निकालात पोलिसांनी छाप्याच्या टीममधल्याच अधिकाऱ्यासमोर झडती द्या असा तिसरा पर्याय दिलेला होता, तोही चुकीचा ठरला. तुमच्या नोटिशीतही 'आमच्यासोबतचे पीआय साहेब' असा उल्लेख मला दिसला, ते त्याच टीमचे होते का हे पंचनाम्यावरून पक्कं करा.

अंगझडतीच बेकायदा ठरली आणि दुसरा काही पुरावा नसला तर फक्त त्या पाऊचवर शिक्षा टिकत नाही. शिक्षा स्थगितीच्या अर्जात हाच कागद पहिला लावा, युक्तिवादाची बारा पानं मागं ठेवा. मित्राचंही वेगळं अपील असेल, दोघांचा वकील एकच ठेवू नका, पुढं एकमेकांवर ढकलायची वेळ येते.

प्रश्न : वडिलांनी अपील केलं तर हायकोर्ट उलटी शिक्षा वाढवेल अशी भीती घातलीये. खरं आहे का?

उत्तर : आरोपीनं स्वतः केलेल्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. सरकारनं शिक्षा वाढवायला वेगळं अपील केलं तरच तो प्रश्न येतो आणि तेव्हाही वडिलांना म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. सरकारनं तसं काही दाखल केलंय का, एवढं ऑनलाईन केस स्टेटसवर बघून घ्या आणि भीती घालणाऱ्याला चहा पाजून घरी पाठवा.

प्रश्न : काकांची १० वर्षं पुढच्या वर्षी संपतात. चांगल्या वागणुकीची माफी धरून ते आधीच सुटायला पाहिजे होते ना? आणि दंड १ लाख भरता येत नाही, त्यासाठी अजून २ वर्षं बसावं लागेल म्हणतात. — नाशिक

उत्तर : माफीचं उत्तर वाईट आहे. खुनाच्या कैद्याला जेलची माफी मिळते आणि एनडीपीएसवाल्याला नाही, कलम ३२अ तसं सांगतं. २००० मधे दादू विरुद्ध महाराष्ट्र सरकार या केसमधे सुप्रीम कोर्टानं त्या कलमाचा एक भाग काढला, पण तो कोर्टानं अपिलात शिक्षा स्थगित करण्यापुरता, सरकारच्या माफीवरची बंदी तशीच राहिली. मला हे कधीच पटलेलं नाही, पण आज कायदा हाच आहे.

दंडाच्या बाबतीत मात्र हात पाय हलवा. दंड न भरल्याबद्दलची कैद ही मूळ शिक्षा नसते, पैसे वसूल करायचं ते साधन आहे, असं सुप्रीम कोर्टानं २००७ मधे शांतिलाल प्रकरणात म्हटलं आणि एका गरीब माणसाची एनडीपीएसमधली तशी कैद ६ महिन्यांवर आणली, २०१२ मधे पठाण प्रकरणात पुन्हा तेच केलं. मूळ १० वर्षांना किमान आहे, पण दंडाच्या बदल्यातल्या कैदेला किमान नाही, म्हणून इथं दया मागता येते. काकांचं अपील अजून पेंडिंग असेल तर ही मागणी त्यात घालायला सांगा, निकाली निघालं असेल तर विधी सेवा वकिलाकडून सुप्रीम कोर्टात तेवढ्याच मुद्द्यावर जाता येईल का हे विचारा. घरात किती उत्पन्न आहे, जमीन आहे का, याचा तहसीलचा दाखला जोडा. आणि थोडे थोडे पैसे भरले तरी त्या प्रमाणात कैद कमी होते, पूर्ण लाख जमेपर्यंत थांबायची गरज नाही, हे जेलच्या बाबूनं नाही सांगितलं तरी कायद्यात आहे.

प्रश्न : भाचा इंग्लंडमधे लेस्टरला शिकायला गेला होता. खोलीत गांजा आणि वजनकाटा सापडला, विकण्यासाठी बाळगल्याचा गुन्हा त्यानं कबूल केला, १४ महिने शिक्षा झाली. इथल्या वकिलांनी ६० दिवस सांगितले. — पुणे

उत्तर : तिथं ६० दिवस नाहीत, शिक्षा सुनावल्यापासून २८ दिवस आहेत, हे पत्र पोचल्या पोचल्या त्याच्या तिथल्या सॉलिसिटरला गाठा. आणि आपल्यासारखं हक्कानं अपील तिथं नसतं, आधी परवानगी मागायची, एक जज कागद वाचून ठरवतो. गुन्हा कबूल केलेला असल्यामुळं शिक्षेवरच बोलायचं, ती अतीच जास्त आहे किंवा तत्त्वातच चुकली आहे असं दाखवावं लागतं, थोडी कडक वाटते एवढ्यावर ते हात घालत नाहीत. तिथं शिक्षेच्या गाईडलाईन आहेत, माल किती आणि माणसाची भूमिका काय, मुख्य, मधली की किरकोळ, यावर सुरुवातीचा आकडा ठरतो. भाच्याला कोणत्या भूमिकेत बसवलं आणि कबुलीची सूट किती दिली हे जजच्या बोलण्याच्या नोंदीत असतं, ती मागवा. अगदीच पोकळ अर्ज केला तर मधले जेलचे काही दिवस शिक्षेत धरायचे नाहीत असा आदेशही तिथं होऊ शकतो, म्हणून बॅरिस्टरचा लेखी सल्ला आल्याशिवाय फॉर्म भरू नका.

पण १२ च्या वरचे ते दोन महिने त्याला फार महाग पडू शकतात. २००७ च्या कायद्यानं १२ महिने किंवा जास्त शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला देशाबाहेर काढायची कारवाई आपोआप सुरू होते. त्यामुळं अपिलाच्या वकिलासोबत इमिग्रेशनचा वकीलही याच आठवड्यात बघा, दोघांना एकमेकांचा नंबर द्या.